शांततेची वजाबाकी

भूम
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दैवशाला,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता अब्बांकडून लिहून घेतला. फोनवर तू मला बंद केलंस, मेलला उत्तर देत नाहीस. पोस्टमनला काही बंद करता येत नाही.

मी भूमला आहे, अम्मीकडं. सहावा महिना चालू आहे. वार खाली आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळंत होईपर्यंत झोपून राहायला सांगितलंय. बाथरूमपुरतं उठायचं, तेही भिंतीला धरून. खाट खिडकीशी लावलीय, पण खिडकी उंच आहे. झोपून फक्त शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते आणि तिच्यावर बसणारे पारवे. कूस बदलली तरी स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज येतो, "हिलो नक्को." आमच्या अम्मीचं तुला माहीतच आहे. सोहेल सोलापूरला, नोकरीमुळं. रविवारी येतो, खाटेच्या कडेला बसतो आणि मला ताप आल्यासारखा माझ्या कपाळावर हात ठेवून बघतो.

तू लॅब सोडलीस तेव्हा मीही तुझ्यामागं बाहेर पडेन असं तुला वाटलं होतं. मी नाही पडले. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही, लिहिलं तर तू पुढचं वाचायची नाहीस.

पुढचं असं. श्रीनाथ सरांनी तुझा भूकंपाचा प्रयोग माझ्याकडं दिलाय. लॅपटॉप पोटाच्या वर उशीवर ठेवून मी तेच करत असते. सगळं तुला माहीत असलेलंच आहे, तरी पहिल्यापासून मांडते. मला स्वतःला एकदा ते सरळ ओळीत बघायचंय.

त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडून वाचलेली तुमच्या सास्तूर-लोहाऱ्याकडची माणसं. आणि त्यांच्याच वयाची आमच्या भूमची माणसं, ज्यांना तेव्हा फारशी झळ लागली नव्हती. दोघांनाही पुण्याला नेऊन स्कॅनरच्या नळीत झोपवायचं, तीन गोष्टी ऐकवायच्या आणि मेंदूची चित्रं घ्यायची. जमिनीतून येतो तसा गडगडाट, चालत्या ट्रॅक्टरचा आवाज, आणि तिसरं म्हणजे काहीच नाही, नुसती शांतता. स्कॅनर स्वतःच धडाधड ठोकत असतो, त्यात कुणाला काय ऐकू येणार, म्हणून तू त्याला मध्येमध्ये थांबवायचं ठरवलंस. यंत्र गप्प होतं, त्या फटीत आवाज ऐकवायचा किंवा शांतताच ठेवायची, मग यंत्र पुन्हा सुरू. सर तेव्हा तुझ्यावर किती खूश झाले होते.

मी लॅबमध्ये आले त्या दिवशी तू मला सांगितलं होतंस की या चित्रांतला आकडा एकटा काही बोलत नाही. कशातून काय वजा केलं ते सांग, मग बोलू. कॉन्ट्रास्ट म्हणजे तेवढंच, दोन अवस्थांची वजाबाकी. आणि ती निकाल बघायच्या आधी ठरवायची, नंतर नाही, यावर तू सरांशीही भांडली होतीस. म्हणून पहिला माणूस नळीत जाण्याआधीच आपण लिहून नोंदवलं: गडगडाट वजा शांतता. आणि ही वजाबाकी सास्तूरच्या लोकांत भूमच्या लोकांपेक्षा मोठी येईल, असा आपला अंदाज.

उलटं आलंय, दैवशाला. मेंदूतला भीतीची नोंद घेणारा तो बदामाएवढा भाग, तिथं तुमच्या लोकांचा फरक आमच्या लोकांपेक्षा बराच लहान आहे. मी सगळं पुन्हा चालवून बघितलं. हिशेबात चूक नाही.

सरांना आनंद झालाय. त्यांनी सारांशात लिहिलंय की तीस वर्षांत या लोकांची भीती निवळली, आता गडगडाटानं त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षाही कमी खळबळ होते. लोकांना ऐकायला आवडेल असा निकाल आहे. मलाही आवडायला हवा होता. पण तुझ्या घरी राहिले होते तेव्हा तुझ्या आईला, मावशींना, मी पाहिलंय. मला हे वाक्य गळ्याखाली उतरत नाही, आणि का ते सांगताही येत नाही.

प्रयोग तू मांडलास. खोट कुठं आहे ते तुलाच कळेल. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
उम्मेहानी


भूम
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दैवशाला,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहितेय, कारण इथं हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. अम्मीला सांगितलं तर ती म्हणते, बाळाच्या डोक्याला ताप देऊ नको.

परवा दुपारी अब्बा दुकानातून जेवायला आले होते. तुला आठवत असेल, भूमच्या लोकांत तेही होते. मी सहज विचारलं, अब्बा, त्या नळीत कसं वाटलं होतं? ते लाजले. म्हणाले, खरं सांगू का, यंत्र थांबलं की मला डुलकी लागायची. आवाज आला की दचकून जाग यायची. परत थांबलं की परत डुलकी. शिलाई मशीनवर बसून आयुष्य गेलं, दुपारी असं आडवं व्हायला कधी मिळतंय?

मी हसले. आणि मग हसू थांबलं.

आपण शांतता म्हणजे शून्य धरलं होतं. काहीच नाही, कोरी पाटी, तिच्यापासून बाकीचं मोजायचं. अब्बांसाठी ती तशी होती, किंबहुना शून्याच्याही खाली, झोप. पण तुमच्या लोकांसाठी ती काय होती, ते आपण कुणाला विचारलंच नाही.

मग मी ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर वजा शांतता. तिथंही तुमच्या लोकांचा फरक लहान, जवळजवळ तेवढाच. गडगडाट वजा ट्रॅक्टर केलं तर दोन्ही गावांत काहीच उरत नाही. म्हणजे गडगडाटाचा यात काही संबंधच नाही. दोन्ही वजाबाक्यांत सारखी असलेली गोष्ट एकच, शांतता.

तेवढ्यावरून बोलणं बरोबर नव्हतं, म्हणून मी श्वास मोजायला नळीत प्रत्येकाच्या पोटाला बांधलेल्या पट्ट्याची नोंद काढली. तू हट्टानं तो पट्टा बांधायला लावला होतास आणि पुढं त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. श्वासाला वजाबाकी लागत नाही, तो जोरात चालतो किंवा हळू चालतो. भूमच्या लोकांचा श्वास शांततेत संथ होतो. सास्तूरच्या लोकांचा शांततेत वाढतो, दैवशाला, आणि आवाज सुरू झाला की उतरतो. गडगडाट असो की ट्रॅक्टर. मी एकेकाची रेघ बघत गेले. एका रेघेत मध्येच श्वास धरल्यासारखा सपाट तुकडा आहे, पुन्हा पुन्हा, प्रत्येक शांततेत. त्या रेघेवर नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांक कुणाचा ते मला माहीत आहे. तुलाही.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ते वाईट नाहीत. मग म्हणाले, "उम्मे, ठरलेली वजाबाकी कोणती? आता निकाल आवडला नाही म्हणून तू दुसरी शोधतेस. हेच करायचं नाही असं तुम्ही दोघींनी मला शिकवलंत."

बरोबर आहे ते. नियम आपलाच, मी त्यातच सापडले. ठरलेल्याप्रमाणं गेले तर खोटं छापून येतं. खरं सांगायला गेले तर नियम मोडते, आणि उद्या कुणीही म्हणेल की हिला हवं ते मिळेपर्यंत ही आकडे ढवळत बसली.

अजून एक आहे. मल्हार म्हणून जे समुपदेशक दर आठवड्याला सास्तूरला येतात, म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसतात, त्यांना पाठवणाऱ्या संस्थेनं सरांकडून सारांश मागून घेतलाय. भीती निवळली असेल तर कार्यक्रम दुसरीकडं न्यावा असं त्यांच्यात चाललंय. सर म्हणतात, तो त्यांचा प्रश्न.

शोधनिबंधावर लेखक म्हणून माझं नाव आहे आणि महिनाअखेर मी संमतीचा मेल पाठवायचा आहे. सोहेल म्हणतो, पाठवून टाक. बाळ झाल्यावर तू परत कधी बसणार, फेलोशिप संपतेय, हा शेवटचा धडा लिहून झाला की थिसिस झाला. त्याचंही चुकत नाही. या खोलीत येणारा प्रत्येक जण बरोबरच बोलतो आणि मी उताणी पडून ऐकते. उठून दाराबाहेर जाता आलं असतं तर निदान जिना उतरता उतरता काही सुचलं असतं.

तुझ्या आईला त्या नळीत काय झालं होतं, एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी मी इथं होते, प्रयोगासाठी लोक जमवत. कळलं ते तुझ्या तोंडून, तेही लॅब सोडताना तू सरांवर ओरडत होतीस तेव्हा. त्यांनी मदत मागायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला, त्यांना बाहेर काढलं, पाणी दिलं, सरांनी विचारलं एक फेरी राहिलीय, करता का, आणि त्या हो म्हणाल्या. तू चहा घेऊन आलीस तोवर त्या परत आत होत्या. पुढचं मला माहीत नाही. विचारणं जड जात असेल तर विचारू नकोस.

उम्मेहानी


सास्तूर
११ डिसेंबर २०२४

उम्मेहानी,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं न वाचता ठेवलं होतं. दुसरं आलं तेव्हा आईनंच विचारलं, कुणाची चिठ्ठी येतीय सारखी. मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, ती भूमची पोर? पोटुशी हाय ना? वाच की मग.

तिला कसं कळलं म्हणून विचारलं तर तुझ्या अम्मीचा फोन येत असतो म्हणे तिला. मला आत्ता कळतंय. आपण दोघी बोलत नव्हतो, त्या दोघी बोलत होत्या.

मी तुझं दुसरं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं नाही, वजाबाकीचं गाळून. पण श्वासाचं वाचलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मला वाटलं तिला काही कळलं नाही. मग म्हणाली, टीव्ही बारीक कर. आमच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असतो, कुणी बघत असो नसो. मी शाळेतून आले की बंद करते, ती परत लावते. त्यावरून आमची रोज कुरबुर. पहिल्यांदा तिनं स्वतःहून बारीक करायला सांगितला. बंद नाही, बारीक.

मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"तवा माझं लगीन हून वरीसबी झालं नव्हतं. माझ्या अंगावर घराचं आढं पडलं व्हतं, त्याच्यावर माती. हात हलंना. शेजारी जाऊबाई व्हत्या. दिसत नव्हत्या, पर बोलायच्या. म्या बी बोलायचे. मग त्या बोलंनात. म्या लई हाका मारल्या."

मी कधी ऐकलं नव्हतं हे. मोठी काकू भूकंपात गेली एवढंच मला माहीत होतं. शेजारी होती हे नाही.

"वरनं कुदळीचा आवाज आला की जिवात जीव यायचा. मिल्ट्रीचं मशीन आलं व्हतं, त्याचा आवाज आला तवा वाटलं आता वाचले. आवाज म्हंजी कुणीतरी हाय वर. आवाज थांबला की वाटायचं, गेली माणसं. आता न्हाय यायचं कुणी. त्या पुण्याच्या नळीत बी तसंच. मशीन ठोकत व्हतं तवर बरं व्हतं. थांबलं की पुन्हा तेच."

मी विचारलं, मग दुसऱ्यांदा आत कशाला गेलीस? ती म्हणाली, एवढी गाडी करून नेलंत, जेवायला घातलंत, मधीच उठून यावं व्हय?

उम्मे, मी वर्षभर सरांवर राग धरला. एक फेरी जास्त करायला लावली म्हणून. पण यंत्र थांबवायच्या फटी मी घातल्या होत्या. केवढी हुशारी वाटली होती मला त्याची. तिला जिथं सगळ्यात जास्त भीती वाटते ती जागा मी हातानं तयार केली आणि तिला शून्य असं नाव दिलं.

तू मला खोट कुठं आहे विचारलंस. खोट तिथं आहे. तुला सापडलीच होती.

आता मी काही सांगण्याच्या जागी नाही. मुलांना अपूर्णांक शिकवते, बरं चाललंय. मल्हारदादा अजून येतात, पण नव्या वर्षात येतील की नाही ते त्यांनाही माहीत नाही. आई म्हणते, तुमच्या सरांना पुन्हा लागलं तर येते म्हणावं, पोरीचं अडत असंल तर. मी तिला गप्प केलं. तुला सांगायचं नव्हतं, पण ती तुझ्या अम्मीला फोनवर सांगेलच.

पडून राहा. उठू नकोस.

दैवशाला


भूम
१६ डिसेंबर २०२४

प्रिय दैवशाला,

तुझं पत्र अब्बांनी आणून दिलं, तेव्हा अम्मी माझ्या केसांना तेल लावत होती. वाचताना मी रडायला लागले तशी ती घाबरली, तिला वाटलं कळा येतायत. तिला वाचून दाखवलं. जाऊबाईंचं ऐकून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तुझ्या आईबद्दल म्हणाली, सखूबाई फोनवर कधी थांबतच नाही, एक झालं की दुसरं, मला वाटायचं बोलायची हौस आहे.

त्याच दुपारी सरांना फोन लावला. संमतीचा मेल मी पाठवलेला नाही, हे त्यांना माहीत होतं. ते जरा कोरडेच बोलले. मी म्हटलं, सर, आधी ऐका, आणि मावशींचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी नाव घेतलं नाही, त्यांनी ओळखलं. कुदळीचं, मशीनचं, आवाज थांबल्यावर काय वाटायचं ते.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपण शांतता वजा केली तेव्हा…"

"भीतीच वजा केली, सर," मी म्हणाले. "आणि मग लिहिलं की भीती उरली नाही."

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी मी त्यांना परत आत पाठवलं, तेव्हा त्यांनी यातलं काही सांगितलं होतं का कुणाला? मी म्हटलं, नाही, कुणी विचारलं नव्हतं.

सारांश परत मागवतो म्हणाले. ते वाक्य काढतो म्हणाले. ठरलेली वजाबाकी ठरल्याप्रमाणं छापायची, ती लपवायची नाही, आणि श्वासाचं वेगळ्या मथळ्याखाली, हे निकाल पाहिल्यानंतर पाहिलं असं स्पष्ट लिहून. मला यापेक्षा जास्त काही नको होतं. फोन ठेवला तेव्हा खोलीतली हवा हलल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात एकदम तरतरी. रात्रभर विचार केलेला दिसत होता. म्हणाले, उम्मे, ही तुझी कल्पना मूळ निकालापेक्षा मोठी आहे. पण नुसत्या श्वासावर कोण विश्वास ठेवणार? सिद्ध करायला हवी. नवा प्रयोग करू. त्याच लोकांना परत आणू, एका फेरीत शांतता ठेवू, एका फेरीत जवळच्या माणसाचा बोलण्याचा आवाज ठेवू, आणि या वेळी शांतता हीच बघायची गोष्ट. वजाबाकी आधी ठरवू, नोंदवू, कुणाला बोट ठेवायला जागा नको. सुरुवात सखूबाईंपासून. तू विचार त्यांना, तुझं ऐकतील. बाळ होईपर्यंत परवानग्या येतील, फेलोशिप वाढवून घेऊ.

दैवशाला, प्रयोग चांगला आहे. दोष काढता येत नाही त्यात. तू अजून लॅबमध्ये असतीस तर कदाचित तूच सुचवला असतास. मी जे म्हणतेय ते खरं आहे हे दाखवायला दुसरा रस्ता नाही. आणि त्यासाठी मावशींना त्याच नळीत झोपवून यंत्र बंद करायचं, आता कळून सवरून.

त्या येतील. तू लिहिलंसच. पहिल्यांदाही त्या हो म्हणाल्या होत्या.

सोहेल रविवारी आला, त्याला सांगितलं. त्याला वाटलं आता सगळं जुळून आलं, मी आनंदात असेन. म्हणाला, अगं, त्या स्वतः तयार आहेत, कागदावर सही करतील, मग तुला काय? मी म्हटलं, तू एक काम कर, इथं माझ्याशेजारी आडवा हो आणि हलू नकोस, बोलू नकोस. तो हसत झोपला. थोड्या वेळानं म्हणाला, झालं का? मी उत्तर दिलं नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, पुन्हा म्हणाला, उम्मे, झालं का? मग उठून बसला. त्याला दार उघडं होतं, मी शेजारी होते, बाहेर अम्मीची भांडी वाजत होती. तरी तो उठून बसला.

नंतर त्यानं तो विषय काढला नाही. जाताना एवढंच म्हणाला, तुला पटेल ते कर, मग थिसिसचं बघू.

पटतंय काय ते मला माहीत आहे. सरांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. ते उद्या फोन करणार आहेत.

उम्मेहानी


भूम
९ जानेवारी २०२५

प्रिय दैवशाला,

मधले दिवस लिहिणं जमलं नाही. एकदा थोडं रक्त गेलं, बार्शीला नेऊन आणलं, आता ठीक आहे. बाळ हलतं. मला हलायला मनाई आहे, त्याला नाही. अजून बरेच दिवस काढायचेत.

मल्हारदादांचं तुला माझ्या आधी कळलं असेल. सरांनी संस्थेला लिहिलं, आधीचा सारांश चुकीचा होता, त्यावरून काही ठरवू नका. मला ते पत्र त्यांनी वाचून दाखवलं. उत्तर आलं की कार्यक्रम परंड्याकडं हलवायचं आधीच ठरलंय, पुढच्या वर्षी सास्तूरचा विचार करू. एक वाक्य काढायला आपल्याला एवढे दिवस लागले, तोवर त्याचं काम करून झालं होतं. मी मल्हारदादांना फोन केला. ते म्हणाले, शेवटच्या दिवशी कुणी निरोपाचं बोललंच नाही, सखूबाई चहा करत राहिल्या आणि बायका बोलत राहिल्या, मला उठताच येईना. मावशी आता कुणाशी बोलतात, ते लिही.

सरांना मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. म्हटलं, सर, मी मावशींना विचारणार नाही. त्यांनी विचारलं, त्या नाही म्हणतील म्हणून? मी म्हटलं, हो म्हणतील म्हणून.

ते चिडले. संशोधन असं चालत नाही म्हणाले. लोकांचं भलं व्हायचं तर पुरावा लागतो, पुराव्याविना उद्या दुसरा कुणी तेच वाक्य लिहील, मग काय करशील? मी एवढंच म्हटलं की हे कळण्यासाठी त्यांना किती घाबरवायचं, ते मला आता माहीत आहे. आधी माहीत नव्हतं. सर म्हणाले, मग तुझ्या धड्यात निकाल काय? मी म्हटलं, नाही निकाल. त्यांनी फोन ठेवला.

नंतर बरेच दिवस त्यांचा फोन नाही. अम्मी विचारायची, तुझ्या सरांचं काय झालं? मी पाण्याची टाकी बघत पडून राहायचे. दुसऱ्या विद्यार्थ्याला प्रयोग देतील, तो येऊन सास्तूरला विचारेल, मावशी पदर खोचून गाडीत बसतील, असं सारखं डोळ्यांपुढं यायचं. मी इथून काय करणार होते? तुला फोन करावासा वाटला, पण तू नंबर उघडला आहेस की नाही तेही माहीत नव्हतं.

शेवटी मी तो धडा लिहून काढला आणि त्यांना पाठवला. ठरलेली वजाबाकी, तिचा उलटा निकाल, मग ट्रॅक्टर, मग श्वास, आणि हे सगळं नंतर पाहिलं असं जागोजागी लिहून. मावशींचं बोलणं घातलेलं नाही, ते तुझ्याशी बोलल्या होत्या, माझ्या धड्याशी नाही. शेवटची ओळ लिहायला मला दोन दुपारी लागल्या. इंग्रजीत आहे, तुला मराठीत सांगते. "या लोकांना शांततेत काय होतं ते या प्रयोगातून खात्रीनं सांगता येत नाही, आणि ते कळण्यासाठी त्यांना पुन्हा त्या नळीत झोपवणं मला योग्य वाटत नाही."

परीक्षक याला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. थिसिस वर्षभर तरी पुढं जाईल. फेलोशिप वाढलेली नाही.

काल धडा परत आला. सर नेहमी पानं लाल करून पाठवतात, तुला माहीत आहे. मी छातीवर लॅपटॉप घेऊन एकेक पान सरकवत गेले. कुठं काही नव्हतं. शेवटच्या ओळीवर एकच दुरुस्ती होती. "मला" खोडून त्यांनी "आम्हाला" केलं होतं.

बाकी एक शब्द नाही. फोनही नाही.

प्रयोग तुझा होता, म्हणून धड्याच्या सुरुवातीला तुझं नाव मी घातलंय. नको असेल तर काढीन. पण त्या शेवटच्या ओळीतल्या "आम्हाला" मध्ये तू येतेस का, तेवढं कळव.

तुझी,
उम्मेहानी